सुधींद्रअण्णांनी दशमीला केलेली एकादशी

...तर आम्ही सगळे मठाच्या पायऱ्यांवर उभे. काल इथंच थांबलो होतो ना आपण? आसावरीनं, म्हणजे माझ्या सूनबाईनं, जेवायला हाक मारली आणि गोष्ट पायरीवरच राहिली. नुकतं उजाडलेलं. बायकांचे केस ओले, पुरुष सोवळं नेसलेले, आणि प्रत्येकाच्या पोटात कालपासून काही नाही. बंगळुरात आमच्या हनुमंतनगरात जी जुनी मराठी माध्व, म्हणजे मध्वाचार्यांना मानणारी, घराणी आहेत ना, त्यांची एकादशी आपल्यासारखी साबुदाण्या-बटाट्याची नव्हे. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मग दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, उजाडलं की मठात जाऊन तीर्थ घ्यायचं आणि पंगतीला बसून पारणं करायचं. मी बार्शीकडच्या खेड्यातला, सातवीपर्यंत शिकलेला माणूस. ही पद्धत माझी नव्हे. पण मुलाच्या नोकरीपायी इथं आलो, या मंडळींत मिसळलो, आणि पारण्याची पंगत एवढी झकास असते की तिच्यासाठी आदल्या दिवशी उपाशी राहायला माझी कधी ना नसते.

दार उघडलं. मठाचे आचारी हातात झाडू घेऊन बाहेर आले आणि आम्हाला बघून दचकले.

"काय हो? एवढे सगळे? कुणाचं काही झालं का?"

"पारण्याला आलोय," नरसिंहराव म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झालेले, भुकेला जरा कच्चे.

"कसलं पारणं?"

"एकादशीचं."

"अहो, एकादशी आज आहे! आज चूल पेटत नाही मठात."

मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"मग काल काय होतं?"

"काल दशमी."

"म्हणजे दशमीला आम्ही उपाशी राहिलो?"

"ते मला काय विचारता? मी काल पोटभर जेवलो," आचारी म्हणाले.

एक बाई म्हणाल्या, काल दुसऱ्या मठाच्या पंचांगाची असेल. हे बोलणं कुणाला खुळचट वाटलं नाही, कारण इथं दोन मठांची दोन पंचांगं आहेत आणि कधी कधी एकाच घरात सासूची एकादशी सोमवारी आणि सुनेच्या माहेरची मंगळवारी येते. त्यामुळे कुणाची तिथी चुकली तरी ती चूक आहे हे चटकन ध्यानात येत नाही. सगळे म्हणतात, त्यांचं पंचांग निराळं. पण आचाऱ्यांनी मान हलवली. दोन्ही पंचांगांत या खेपेला एकादशी आजच होती.

"मग मी आजही उपाशी राहू?" नरसिंहराव कळवळले. "कालची जमेला धरा की!"

"ही तुमची बँक नव्हे, राव."

मी तर हसून हसून खांबाला टेकलो. कुणीतरी विचारलं, पण काल एकादशी म्हणून सांगितलं कुणी? आणि सगळ्यांनी एकदमच उत्तर दिलं, "अण्णांचा फोन आला होता."

मग सगळ्यांची तोंडं एका बाजूला वळली. तिथं सुधींद्रअण्णा उभे होते, हातात तीर्थाची पळी. ते ठामपणे म्हणाले, "एकादशी काल होती." मग त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, आचाऱ्यांच्या झाडूकडे बघितलं, आणि हळूच पायरीवर बसले. माझं हसू तिथंच थांबलं.

आता हे सुधींद्रअण्णा कोण, ते सांगायला हवं. यांचं घराणं तीन-चारशे वर्षांमागं इकडं आलेलं. घरात मराठी बोलतात, पण ती अशी: "प्रतापराव, स्वल्प थांबा, चहा होतोय" किंवा "सरी, उद्या भेटू." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं; पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं नव्हतं. अण्णांनी जन्मभर यशवंतपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. घरी येऊन उन्हात पडदे ओढून झोपायचं, तर बाहेर भाजीवाला. त्यामुळे झोप म्हणजे त्यांना आयुष्यभर मिळेल तेव्हा घ्यायची चीज. पण डोकं लख्ख. कुठली मालगाडी कधी लागली, कुठला डबा कुठं अडकला, सगळं तोंडपाठ.

त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई. त्यांचा नेम असा की दशमीच्या संध्याकाळी आळीतल्या बायकांना आठवण करून द्यायची, उद्या एकादशी, विसरू नका. त्या गेल्यावर अण्णांनी तो नेम उचलला. बायकांच्यात उभं राहून बोलायचा संकोच, म्हणून फोनवर. दशमीला दिवेलागणीला बसायचे आणि एकेका घरी फोन. "अण्णा बोलतोय. उद्या एकादशी. सरी?" बस, एवढंच. लोकांनी पंचांग उघडायचं सोडून दिलं. अण्णांचा फोन हेच पंचांग. एकट्या माणसाला तेवढं काम पुरे असतं बघा. त्या फोनांच्या संध्याकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बसायचे, जसं काही फोनमधून कुणी बघणार आहे.

पायरीवरनं मी त्यांना घरी आणलं. वाटेत ते एकच म्हणत होते, "प्रतापराव, मी तारखेचं पान स्वतः फाडलंय. रोज उठल्यावर पहिलं काम तेच." त्यांच्याकडे भिंतीवर रोजच्या पानाचं कॅलेंडर आहे, तिथीसकट. घरी जाऊन बघतो तर खरंच, पान उद्याचं दिसत होतं. मग एक पान जास्त फाडलं गेलं कधी?

हा गुंता सोडवला शेजारच्या विमलाक्कांनी, आणि तोही न ठरवता. त्या इडल्या घेऊन आल्या होत्या. (त्यांना अजून कळलंच नव्हतं की एकादशी आज आहे. माझ्या हातातली इडली मी तोंडात घालू की नको, यात मी स्वतःच घोटाळलो.) त्या म्हणाल्या, "अण्णा, तेरवा तुम्ही मला विचारत होतात ना, दूध का नाही आलं म्हणून? मला वाटलं थट्टा करताय. संध्याकाळचं कुठलं दूध?"

"संध्याकाळ?" अण्णा म्हणाले. "सकाळी विचारलं मी."

"नाही हो. दिवे लागत होते. तुम्ही अंघोळ करून तुळशीला पाणी घालत होतात. मी म्हटलं, अण्णा आज दोनदा का अंघोळ करतायत?"

म्हणजे झालं होतं असं. दुपारी अण्णांना गाढ झोप लागली. जाग आली ती तिन्हीसांजेला. उजेड अंधुक, पाखरं ओरडतायत. त्यांना वाटलं पहाट झाली. उठले, पान फाडलं, अंघोळ, संध्या, तुळस. मग अंधार पडला तेव्हा म्हणाले आज ढग आहेत, आणि परत आडवे झाले. एक अख्खा दिवस त्यांनी मनानंच पुढं ढकलला आणि त्यावरून सगळ्या आळीला उपाशी ठेवलं! मी हे ऐकून पुन्हा हसणार होतो, पण अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून इडली खाली ठेवली.

भरदुपारी एवढी झोप का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, आणि त्यात सगळ्यात पुढं त्यांची मुलगी भार्गवी. ती बंगळुराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहते, नवराबायको दोघं कंपनीत. बातमी तिच्याकडे पोचली आणि शनिवारी ती हजर.

"अप्पा, आता पुरे. तुमचं डोकं... म्हणजे तुम्ही विसरायला लागलात. तुम्ही आमच्याकडे राहायचं. हे घर बंद करू."

"एका दिवसाची चूक झाली तर घर बंद?"

"एक चूक? गॅस चालू ठेवून बाहेर गेलात ते? बाथरूममध्ये पडलात आणि मला सांगितलंत दार लागलं? काका, तुम्हाला माहीत होतं हे?"

मला माहीत नव्हतं. मला फक्त कोपराचा काळा-निळा डाग दिसला होता, आणि दार लागलं हे मीही मान्य केलं होतं. आता माझंच डोकं गरगरायला लागलं. माझ्यासमोर रोज बुद्धिबळात मला हरवणारा माणूस, ह्याला विस्मरण? मग मला आठवलं की अलीकडे महिनाभर तर मीच जिंकत होतो. मला वाटलं होतं, मी सुधारलो!

भार्गवीनं आठवण कमी होणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. गाडीत अण्णा पुढं, मी मागं. आनेकलकडून येणाऱ्या बसेस, व्हाइटफील्डच्या कंपन्यांच्या गाड्या, सगळं एकमेकांत अडकलेलं. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या माणसाला घर सुटण्याची भीती तेवढी नव्हती. स्वतःचं डोकं आपल्याला फसवतंय का, ही भीती. मध्येच मागं वळून मला म्हणाले, "प्रतापराव, मला ती सकाळच आठवते हो. आजही. गार हवा, पाखरं, सगळं सकाळचं. मी कसं मानू ती संध्याकाळ होती म्हणून?"

आमच्या गावी शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्याला जायफळ उगाळून चाटवायच्या, झाडाला झोळी बांधायच्या आणि खुरपायला जायच्या. एकदा माझ्या चुलतीनं जरा जास्तच चाटवलं. पोर दिवसभर झोपलं, संध्याकाळी डोळे उघडले तरी आईला ओळखेना, नुसतं भिरभिर बघत राहिलं. ही गोष्ट मी गाडीत सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक. भार्गवी म्हणाली, "काका, प्लीज."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कन्नड बोलणाऱ्या, पण समजेल अशा हिंदीत विचारत होत्या. फोनवर वेळ देतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं की घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. भार्गवीनं पिशवी टेबलावर उपडी केली. रक्तदाबाच्या, पित्ताच्या, एक जुनं मलम, आणि दोन निरनिराळी पाकिटं.

"ही कशाची?"

"झोपेची," अण्णा म्हणाले. "पत्नी गेली तेव्हा डॉक्टरांनी दिली होती. थोडे दिवस घ्या म्हणाले."

"आणि मग?"

"मग ते बदलून गेले. मेडिकलवाला ओळखीचा आहे. तो देतो."

"रोज एक?"

"आधी अर्धी. मग अर्धीनं झोप येईना. मग एक."

"आणि हे दुसरं पाकीट?"

अण्णा घुटमळले. आता हे पाकीट विमलाक्कांचं, हे मला ठाऊक होतं. आमच्या आळीत गोळ्या हळदीकुंकवासारख्या फिरतात. कुणाचे गुडघे दुखले की चार दारांतून पाकिटं येतात. विमलाक्कांचे यजमान वारले, त्यांच्या गोळ्या उरल्या होत्या. टाकायच्या कशा, महाग वस्तू! त्या म्हणाल्या, अण्णा, ह्यांना फार गुण होता, हलकी आहे, घेऊन बघा.

"म्हणजे दोन्ही घेता?"

"एकीनं नाही लागली तर दुसरी. कधी कधी वाटतं, घेतली की नाही? मग परत घेतो."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. नावं वेगळी, रंग वेगळे, पण म्हणाल्या, औषध एकाच जातीचं. एकीवर दुसरी घेतली म्हणजे तीच जास्त घेतली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. ही गोळी थोड्या दिवसांची, दुःखाच्या दिवसांत आधाराला. वय झालं की ती शरीरातून लवकर जात नाही. रात्री घेतलेली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात राहते. मग भरदुपारी ग्लानी, तोल जाणं, पडणं, हाड मोडणं, आणि डोक्यात नुसता कालवा. सकाळ की संध्याकाळ कळत नाही, घेतली की नाही आठवत नाही. आणि शरीराला तिची सवय लागली की पहिल्याइतकीनं भागत नाही.

भार्गवी लगेच म्हणाली, "मग हा विस्मरणाचा आजार नाही?"

"ते मी आज सांगू शकत नाही."

"मग आहे?"

"तेही नाही. गोळ्या उतरू द्या. त्यानंतर जेवढं विसरतील तेवढंच त्यांचं खरं विसरणं. आत्ता किती गोळीचं आणि किती त्यांचं, कुणालाच कळणार नाही."

बघा! आम्ही उत्तर आणायला गेलो आणि आणखी मोठा प्रश्न घेऊन आलो. अण्णा एकदम पिशवी पुढं सरकवत म्हणाले, "घ्या, आजपासून बंद!" तर डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. एकदम बंद करायची नाही. एकदम सोडली तर आहे ती झोप जाते, हातपाय थरथरतात, माणूस भलतंच बघायला लागतो, फिटसुद्धा येऊ शकते. विमलाक्कांचं पाकीट त्यांनी ठेवून घेतलं. दुसरं कसं हळूहळू कमी करायचं ते भार्गवीला समजावून दिलं. दुपारी झोपायचं नाही, सकाळी उन्हात चालायचं, झोप आली तरच अंथरुणावर जायचं.

भार्गवी म्हणाली, सरी, गोळ्या सुटेपर्यंत थांबते. नंतर डॉक्टर म्हणतील तसं. गोळी द्यायचं काम तिनं मेडिकलवाल्याकडेही सोडलं नाही आणि विमलाक्कांकडेही नाही. रोज रात्री व्हिडिओवर समोर बसून ती अण्णांना गोळी घ्यायला लावायची.

दुपारची जबाबदारी माझ्याकडे. अण्णांना जागं ठेवायचं. मला यापेक्षा आवडीचं काम कुठलं? जेवण झालं की मी हजर, आणि गावच्या गोष्टी सुरू. आमच्या मास्तरांची घोडी, ओढ्याचा पूर, माझ्या लग्नात हरवलेला बँडवाला. पण काय सांगू, घोडी ओढ्यापर्यंत पोचायच्या आधीच अण्णा घोरायला लागायचे! मी खांदा हलवायचो, ते डोळे उघडून म्हणायचे, "हं, मग घोडीचं काय झालं?" आणि पुन्हा गुडुप. एक दिवस म्हणाले, "प्रतापराव, अनुसूया गेली तेव्हाच तुमची ओळख असती तर त्या गोळ्यांची गरजच पडली नसती." तेव्हापासून आम्ही दुपारी बसून राहणं सोडलं आणि गांधीबाजारात भाजी बघत फिरायला लागलो. घ्यायची नाही, नुसती बघायची.

ते दिवस वाईट गेले त्यांचे, खोटं कशाला सांगू? रात्र रात्र डोळा नाही. हात थरथरायचे, कॉफी बशीत सांडायची. विनाकारण माझ्यावर चिडायचे. मधल्या एका दशमीला त्यांनी फोन केले. लोक "हो अण्णा, सरी अण्णा" म्हणाले. पण नरसिंहरावांनी फोन नीट ठेवला नाही, आणि अण्णांना ऐकू आलं, ते बायकोला सांगत होते, "मठात विचारून घे गं, ह्याचा काय भरवसा." अण्णांनी मला हे सांगितलं ते हसत हसत, पण पुढच्या दशमीला रिसीव्हर उचलला नाही. म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मीसुद्धा मठात विचारलं असतं."

आणि तरीही, हळूहळू, काहीतरी उघडत गेलं. बुद्धिबळात मी परत हरायला लागलो. एवढा आनंद मला हरण्याचा कधी झाला नव्हता! यशवंतपूरच्या जुन्या गाड्यांचे नंबर मी विचारले, तर धडाधड सांगितले. अर्थात ते खरे होते की खोटे हे मला कसं कळणार? पण ज्या जोरात सांगितले तो जोर जुना होता. मात्र चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं चालूच राहिलं. आता हे गोळीचं की वयाचं? मीही शोधतो माझा.

शेवटची गोळी सुटून बरेच दिवस झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. म्हणाल्या, बरंच स्वच्छ झालंय. थोडं विसरतात, ते या वयाचं असावं, पण खात्रीनं सांगायला आणखी वेळ द्या. एकटे राहू शकतात, कुणीतरी रोज डोकावलं पाहिजे. भार्गवीला यात हो दिसला आणि नाहीही दिसला. मलाही दोन्ही दिसले. तिनं दोन दिवस विचार केला आणि एका संध्याकाळी गाडी घेऊन आली. जावई गाडीतच बसून होते. दारात एक रिकामी बॅगसुद्धा तिनं आणून ठेवली. अण्णा सकाळपासून उपाशी, आरामखुर्चीत सरळ बसलेले. विमलाक्का आणि मी भिंतीला टेकून उभे, जसं काही आमचाच निकाल लागणार होता.

भार्गवी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आवाज कडक नव्हता तिचा, रडवेला होता. "अप्पा, मला रात्री झोप लागत नाही तुमच्या काळजीनं. आता तुम्हीच सांगा. येताय ना राहायला?"

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बॅगेकडे बघितलं आणि म्हणाले:

"येतो गं, पण राहायला नाही, जेवायला. उद्या द्वादशी, पारणं तुझ्याकडे करीन. हादग्याच्या पाल्याची भाजी करशील ना? दुपारी मला परत सोडायचं. आणि झोप लागत नाही म्हणून कुणाच्या गोळ्या घेऊ नकोस, मला फोन कर, मी जागाच असतो. आता निघण्याआधी तुझ्या त्या मोबाइलवर स्वल्प बघ, आज एकादशीच आहे ना? मला खात्री आहे. तरी बघ तू."